दिंडीला चालायला रस्त्याची कड द्या

संपादक महाशय,

येळ्ळूरहून कार्तिकीची आमची पायी दिंडी निघाली. भाताची सुगी तोंडावर, तरी बायका तुळस घेऊन उजाडायच्या आत वेशीवर. राजहंसगड मागे टाकून बेळगाव ओलांडेपर्यंत वाट भजनात सरली. पुढे काकतीपर्यंत पुणे-बंगळूर महामार्ग. कडेला चालायला हातभर जागा नाही. ट्रक गेला की पताका काठीसकट वाकायची. माझ्या पुढची आजी खडीवरून घसरली. गुडघा फुटला, पण डोक्यावरची तुळस तिने पडू दिली नाही! हळद दाबून तशीच चालली. काकतीत, कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या माहेरी, कन्नड घरांनी गूळ-पाणी दिलं. ते विसरणार नाही. आषाढीच्या आत कडेची झुडपं तोडून मुरूम तरी टाका.

– एक वारकरी महिला, येळ्ळूर