केळीच्या पानावरचा वाढदिवस

संपादक महोदय,

परदेशातील जेवणाविषयीचे आपल्याकडचे लेख बहुधा ‘शाकाहारी काही मिळाले नाही’ या तक्रारीवरच संपतात, म्हणून फिलिपिन्सच्या राजधानीतील, मनिलातील एका पारंपरिक उपाहारगृहात सहकाऱ्याच्या आजीच्या वाढदिवसाला पाहिलेल्या पंगतीविषयी लिहीत आहे. नातवंडांनी आधी वाकून आजीचा हात स्वतःच्या कपाळाला लावला. मग केळीच्या पानांवर भाताची लांबच लांब रास, कुरकुरीत सालीचे भाजलेले डुक्कर, दीर्घायुष्यासाठी वाढदिवसाला हवाच असा अखंड शेवयांचा ‘पान्सित’ आणि शेंगदाण्याच्या रश्श्यातील ‘कारे-कारे’सोबत जवळ्याची खारट चटणी मांडली गेली. सगळे हातानेच जेवले. ‘सिनिगांग’ या चिंचेच्या आंबट सारावर माझे कोकणी मन जडले (तिखट मात्र बेताचेच!). आपल्या रविवार पुरवणीत अशा पंगतींवर सविस्तर लेखन यावे, ही विनंती.

– एक वाचक, मनिला