जुन्या संस्थांची रजिस्टरे नातेवाइकांना पाहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाला १९४४ साली मुंबईतल्या एका बालगृहात ठेवले गेले. पणजोबा गिरणीत होते, ते तापाने गेले. लालबागच्या खोलीचे भाडे थकले आणि पणजी मोठ्या दोन मुलांना घेऊन कोकणात परतली. सहा वर्षांचा धाकटा मात्र १९२४च्या मुंबई बालक कायद्याखाली कोर्टामार्फत संस्थेत गेला. त्याचे एकच पोस्टकार्ड आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे. सुतारकाम शिकतो, आईला नमस्कार, एवढाच मजकूर, आणि खाली नावापुढे आडनावाऐवजी २१४ हा आकडा. घरात त्याच्याविषयी ‘बोर्डिंगात आहे’ असे सांगितले जाई; पोर पोसता आले नाही याची लाज त्या एका शब्दाने झाकली जाई.

गेल्या वर्षी मी संबंधित कार्यालयात अर्ज केला. जुनी रजिस्टरे २००५च्या पुरात गेली, असे आधी सांगण्यात आले. तिसऱ्या खेपेस एका शिपायाने माळ्यावर रुमालात बांधलेली दप्तरे दाखवली. वाळवी लागलेल्या एका पानावर रकाने स्पष्ट दिसत होते : बापाचे नाव, गाव, कोणी आणून सोडले, कोणाच्या ताब्यात दिले. आम्हाला हवा आहे तो हा शेवटचा रकाना. लेखी उत्तर मात्र असे आले की, २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलांची माहिती गोपनीय आहे.

आज संस्थेत असलेल्या मुलाची ओळख जपलीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु ऐंशी वर्षांपूर्वीच्या मुलाचे नाव त्याच्याच सख्ख्या बहिणीपासून लपवून कोणाचे रक्षण होते? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) नुसार वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती, काही मोजके अपवाद वगळता, द्यावी लागते. त्यातही अडचण अशी की अनेक संस्था खासगी न्यासांच्या असल्याने त्यांना हा कायदा लागू होतोच असे नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने कोणालाही शुल्क भरून मृत्यूची नोंद शोधून मागता येते आणि उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड केले जात नाही. माहिती द्यायची आणि माणसाची अब्रूही राखायची, हे कायद्याला जमते ते असे. पण त्या शोधालाही माणूस साधारण कधी आणि कुठे गेला हे ठाऊक असावे लागते, आणि तो धागा पुन्हा त्या माळ्यावरच आहे.

प्रश्न बालगृहांपुरता नाही. माहीमची डेव्हिड ससून संस्था १८५७ची, वडाळ्याचे अॅक्वर्थ कुष्ठरुग्णालय १८९०चे, ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१चे. अशा ठिकाणी राहिलेल्या माणसांची नावे त्या काळी कितीतरी घरांनी मुद्दाम पुसली. आता त्यांची नातवंडे ती शोधू लागली आहेत.

महिला व बालविकास विभागाने आणि आरोग्य विभागाने आपल्या अखत्यारीतील जुन्या दप्तरांची मोजदाद करावी, ती पुराभिलेख संचालनालयाकडे सोपवावीत आणि नाते सिद्ध करणाऱ्यास नोंदीचा उतारा ठरावीक मुदतीत द्यावा. नावांच्या याद्या संकेतस्थळावर टाकू नयेत, हेही तितक्याच आग्रहाने सांगतो. न्यासांना हाच नियम धर्मादाय आयुक्तांमार्फत कळवता येईल. पावसाळ्यापूर्वी निदान दप्तरे माळ्यावरून खाली तरी यावीत. आमची आत्याआजी एक्याण्णव वर्षांची आहे आणि भावाला शेवटी कोणाच्या ताब्यात दिले, हे ती अजून विचारते.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई