कसुतीची उलट बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराईत बेळगावच्या बाजारात इरकलीवर कसुती (कापडाचे धागे मोजून हाताने केलेले भरतकाम) घेणारे गिऱ्हाईक हल्ली आधी पदर उलटा करून बघते. बघावेच. पण ‘दोन्ही बाजू सारख्या तरच कसुती खरी’ हे अर्धेच खरे आहे, आणि त्यापायी अस्सल हातकाम ‘मशीनचे’ म्हणून परत येते.

कसुतीचे टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंतीत समजा चार धागे वर, चार खाली असा धावदोरा घालत जायचे आणि त्याच वाटेने परतताना मोकळ्या जागा भरायच्या. मुरगी तशीच, फक्त पायऱ्यापायऱ्यांनी चढते. या दोन्ही मागून-पुढून सारख्या. नेगीचे तसे नाही. हे नाव कन्नड ‘नेयगे’ म्हणजे विणकाम यावरून; हा एकाच फेरीचा धावदोरा. पुढे जिथे दोरा, तिथे मागे कापड. मेंथी हा तर फुलीचा टाका, त्याची पाठ वेगळीच येणार. अंबारीचा हत्ती मेंथीने भरला असेल तर मागून तो तसाच कसा दिसेल?

ग्वाटेमालातल्या माया बायका हुइपिल हा अंगरखा कमरेला बांधायच्या मागावर विणतात आणि विणतानाच जादा रंगीत धाग्यांनी नक्षी उठवतात. तिथेही सान अंतोनियो आग्वास कालिएंतेस गावची मार्कादोर नक्षी दोन्हीकडून सारखी असते, इतर बऱ्याच गावांची नसते. म्हणून ती काही खोटी ठरत नाही.

खरी खूण टोकांपाशी. कसुतीत गाठ मारत नाहीत (गवंती हे नाव गाठीवरून आले म्हणतात, तरीही!); दोऱ्याचे टोक टाक्यांखाली दडवतात. मशीनच्या कामात बहुधा सगळ्या रंगांमागे बॉबिनचा एकच दोरा दिसतो, कधी कागदी अस्तराचे तुकडेही.

मोजणीत एक धागा चुकला की नक्षीतल्या गोपुराचा कळस जुळत नाही. तिथवर उसवण्याला पर्याय नसतो. धागे मोजता न येणाऱ्या रेशमावर आधी कॅनव्हास (जाळीदार कापड) टाचतात, त्यावरून भरतात आणि शेवटी त्याचे धागे एकेक करून ओढून काढतात. सुई कॅनव्हासच्या धाग्यातूनच गेली असेल तर तो निघत नाही, जोर केला की टाका तुटतो. टाके सैल पडले असतील तर कॅनव्हास निघाल्यावर लोंबतात. घेताना नखाने हलकेच उचलून बघा.

दुकानदारांनी पावतीवर ‘हातची’ की ‘मशीनची’ एवढा एक शब्द लिहावा.

कसुतीकाम करणाऱ्या महिला,
वडगाव-शहापूर, बेळगाव