आधी मार्ग, मग माइल्स, कार्ड सगळ्यात शेवटी

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तीन क्रेडिट कार्डांची माहितीपत्रकं समोर ठेवून तू विचारतोस, "खर्चावर मिळणाऱ्या पॉइंटांतून विमानाचं तिकीट काढायला यातलं कुठलं घेऊ?" पण तू दोरी उलट्या टोकाने धरली आहेस. कुठे जायचं, किती जणांनी आणि कुठल्या वर्गाने, हे आधी ठरव. त्यावरून कुठल्या विमान कंपनीचे माइल्स, म्हणजे तिकीट काढायला चालणारे तिचे पॉइंट, लागतील ते कळतं. ते माइल्स कुठलं कार्ड पुरवतं हा प्रश्न त्यानंतरचा. कार्डापासून सुरुवात केली की पॉइंटांचा ढीग साठतो, पण हव्या त्या मार्गावर तो चालत नाही, आणि मग घोडं पेंड खातं.

पुढचं सगळं एका अटीवर: दर महिन्याचं बिल पूर्ण भरायचं. 'किमान देय' भरून चालत नाही. कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं, तर पॉइंटांची कमाई साधारण १ ते २ टक्के. त्यात थकबाकी राहिली की बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदतच संपते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. हे जमणार नसेल तर पुढचं पत्र वाचू नकोस, आधी थकबाकी फेड.

आता पॉइंटांचे प्रकार. एका विमान कंपनीच्या नावाचं कार्ड घेतलंस तर माइल्स थेट तिच्या खात्यात जातात. बँकेचे स्वतःचे पॉइंट असतील तर ते अनेक विमान कंपन्यांकडे वळवता येतात. तिसरा प्रकार हॉटेल साखळ्यांचा. चौथा सरळ कॅशबॅकचा, आणि वर्षातून एकदाच, तेही सुट्टीच्या गर्दीत ठरावीक तारखांना फिरणाऱ्यासाठी मला तोच बरा वाटतो. बाकीच्यांसाठी माझं मत बँकेच्या वळवता येणाऱ्या पॉइंटांकडे झुकतं, कारण एका कंपनीने तिकिटाला लागणाऱ्या माइल्सचे दर वाढवले तरी दुसरं दार उघडं राहतं. ही भीती उगाच नाही. माइल म्हणजे एक चलनच, फक्त छापणाराच त्याचा भाव ठरवतो. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये माइल्सची अ‍ॅडव्हान्टेज योजना आणली, तेव्हापासून दर बदलण्याचा हक्क कायम कंपनीकडेच आहे. डेल्टा एअरलाइन्सने २०१५ मध्ये आपले ठरलेले दरतक्ते जाहीर करणंच बंद केलं. आता मागणी पाहून भाव बदलतो. म्हणून माइल्स मुदतठेवीसारखे वर्षानुवर्षं जपायचे नसतात. दीड-दोन वर्षांत वापरता येतील एवढेच जमव.

ज्या कंपनीच्या विमानात बसायचं, तिचेच माइल्स लागतात असं नाही, हे नीट समजून घे. विमान कंपन्यांच्या तीन मोठ्या आघाड्या आहेत: स्टार अलायन्स १९९७ मध्ये सुरू झाली, वनवर्ल्ड १९९९ मध्ये, स्कायटीम २००० मध्ये. एकाच आघाडीतल्या कंपन्यांची आसनं एकमेकींच्या माइल्सवर काढता येतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर माइल्सवर लुफ्तान्साचं तिकीट निघतं, कारण दोघी स्टार अलायन्समध्ये आहेत. म्हणून कागदावर तुझ्या मार्गावर उडणाऱ्या कंपन्या लिही, त्यांच्यापुढे त्यांची आघाडी लिही, आणि मग त्या आघाडीतल्या कुठल्या योजनेत तुझ्या बँकेचे पॉइंट जातात ते पाहा. एमिरेट्स या तिन्हींपैकी कशातच नाही, तिथे तिची योजना किंवा तिचे वेगळे करारच कामाला येतात. आघाड्याही कायमच्या नसतात: स्टार अलायन्सच्या पाच संस्थापकांपैकी एसएएस ही विमान कंपनी २०२४ मध्ये स्कायटीममध्ये गेली. जुन्या यादीवर विसंबू नकोस.

आता एका पॉइंटची किंमत, ज्यात भल्याभल्यांची फसगत होते. तिकिटाच्या रोख किमतीतून पॉइंट भरूनही खिशातून द्यावे लागणारे कर आणि अधिभार वजा करायचे, आणि उरलेल्या रकमेला पॉइंटांनी भागायचं. कुठल्याही चलनात समज, तिकीट ४०,००० चं आहे. एक योजना २५,००० पॉइंट आणि वर १५,००० मागते. दुसरी त्याच आसनाला ३०,००० पॉइंट आणि फक्त ४,००० मागते. पहिलीत पॉइंटला १ मिळाला, दुसरीत १.२. म्हणजे जास्त पॉइंट मागणारीच स्वस्त पडली. हा फरक पडतो इंधन अधिभाराच्या नावाखाली विमान कंपनी लावते त्या रकमेमुळे. काही योजना ती प्रवाशाच्या माथी मारतात, काही मारत नाहीत. ब्रिटिश एअरवेजच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांवर ती भारी असते. एअर कॅनडाच्या एरोप्लॅनने २०२० मध्ये योजना नव्याने मांडली तेव्हा पॉइंटांच्या तिकिटांवरून ती काढून टाकली. शोधताना शेवटच्या, पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा. कराचा खरा आकडा तिथेच दिसतो.

बिझनेस क्लासचं गणित मांडताना स्वतःला फसवू नकोस. तीन लाखांचं तिकीट ९०,००० पॉइंटांत मिळालं म्हणून एका पॉइंटला तीनाच्या वर भाव मिळाला, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तू ते तीन लाख रोख मोजले असतेस का? नसतेस, तर तू जास्तीत जास्त जेवढे मोजले असतेस तोच आकडा धर.

कमाईची बाजू बघ. जाहिरातीत 'दर १५० ला ४ पॉइंट' असं असतं. २९० ची खरेदी केलीस तर बऱ्याच कार्डांवर एकाच १५० चे पॉइंट मिळतात, उरलेले १४० वाया. मग वळवण्याचं प्रमाण २ ला १ असेल तर ४ पॉइंटांचे २ माइल्स. माइलला १.२ धरला तर १५० वर २.४, म्हणजे १.६ टक्के. हाच आकडा तुझ्या तिन्ही कार्डांसाठी काढ, मग वार्षिक शुल्काकडे वळ. फुकट मिळणारं कॅशबॅक कार्ड १ टक्का देत असेल तर फायदा ०.६ टक्के. शुल्क ६,००० असेल तर ते वसूल व्हायलाच वर्षाला १० लाखांचा खर्च लागतो. कार्डावर फुकट मिळणाऱ्या विमानतळावरच्या लाउंजची किंमत यात मिळवायची तर वर्षात खरोखर किती वेळा तिथे बसशील तेवढीच मिळव.

वाढीव पॉइंटांचा दर 'प्रवासावर ५ पट' असा असतो, पण खर्च प्रवासाचा आहे हे बँकेला कळतं कसं? दुकानाच्या नावावर नोंदलेल्या चार आकडी संकेतावरून. रेस्टॉरंटचा ५८१२, पेट्रोलपंपाचा ५५४१, ट्रॅव्हल एजंटचा ४७२२. कार्ड 'थेट विमान कंपनीकडून घेतलेल्या तिकिटावर' जास्त देत असेल आणि तू एजंटच्या संकेतस्थळावरून तिकीट काढलंस तर नोंद ४७२२ खाली होऊ शकते आणि पट गेली. हॉटेलातल्या रेस्टॉरंटचं बिलही कित्येकदा हॉटेलच्या संकेताखाली पडतं. भाडं, इंधन, वॉलेट भरणं, सरकारी भरणा, विमा यांवर अनेक कार्डं काहीच देत नाहीत किंवा महिन्याला मर्यादा घालतात. माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात हे असतं, तिथूनच वाचायला सुरुवात कर.

नवं कार्ड घेतल्यावर मिळणारे स्वागताचे पॉइंट मोठे दिसतात आणि खरंच मोठे असतात. मात्र ९० दिवसांत इतका खर्च करा अशी अट असेल तर मोजणी बहुधा कार्ड मंजूर झाल्या दिवसापासून होते, ते हातात पडल्यापासून नव्हे. वार्षिक शुल्क त्या खर्चात सहसा धरत नाहीत, आणि परत केलेल्या वस्तूची रक्कम वजा होते. नेमकी रक्कम गाठून थांबू नकोस, थोडा वर जा.

परदेशात वापरायचं कार्ड असेल तर विदेशी चलनाचं शुल्क बघ. अनेक कार्डांवर ते ३ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे १.६ टक्के कमावण्यासाठी जवळपास दुप्पट देणं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, फक्त कोहळा बँकेचा. दुकानातल्या यंत्राने 'तुमच्या देशाच्या चलनात भरू का?' विचारलं तर नाही म्हण. तिथे त्यांचा दर लागतो आणि तो वाईट असतो.

आता वळवण्याबद्दल. बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. म्हणून क्रम असा: आधी विमान कंपनीच्या खात्यात शिरून हव्या तारखेचं आसन पॉइंटांवर दिसतंय का ते पाहायचं. आसन दुसऱ्या आघाडी-कंपनीचं असेल तर आणखी एका संकेतस्थळावर तपासायचं, कारण कधीकधी यादीत दिसणारं आसन प्रत्यक्षात काढताच येत नाही. खात्री झाल्यावर, लागतील तेवढेच पॉइंट वळवायचे. काही ठिकाणी ते मिनिटांत पोहोचतात, काही ठिकाणी दिवस लागतात आणि तोवर आसन जातं. कंपनी काही दिवस आसन राखून ठेवते का, ते फोन करून विचार. आणखी एक: दोन्ही खात्यांवरचं नाव अक्षरशः सारखं हवं. बँकेत मधलं नाव आणि विमान खात्यात नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून व्यवहार अडकतो.

तुम्ही चौघं आहात, तर ही अडचण सगळ्यात मोठी. पॉइंटांवरची स्वस्त दराची आसनं एका विमानात एक-दोनच सुटणं नेहमीचं. विक्री उघडते त्या दिवशी शोध: ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्सचं आरक्षण ३५५ दिवस आधी उघडतं, अमेरिकनचं ३३१ दिवस आधी. किंवा मग दोघं एका विमानाने, दोघं दुसऱ्याने अशी मनाची तयारी ठेव.

मुदतीही वेगवेगळ्या. क्रिसफ्लायरचे माइल्स ३ वर्षांनी संपतात, मध्ये व्यवहार केला तरी. अ‍ॅडव्हान्टेजमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर संपतात. छोटासा व्यवहारही घड्याळ पुढे ढकलतो. बँकेचं कार्ड बंद केलंस तर न वळवलेले पॉइंट बहुधा जातात, विमान खात्यात आधीच गेलेले मात्र राहतात. कार्ड बंद करण्याआधी खातं रिकामं कर.

हॉटेलच्या पॉइंटांवर फार लिहीत नाही. ते हॉटेलातच खर्च करायचे. मॅरियट हॉटेल साखळीच्या बॉनवॉय योजनेचे ३ पॉइंट म्हणजे बहुतेक विमान योजनांत १ माइल, आणि ६०,००० एकदम वळवले तर बऱ्याच योजनांत २०,००० वर ५,००० जादा. तरीही खोलीसाठी वापरणंच सहसा परवडतं. तिथे पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट द्यावे लागतात, तेवढं लक्षात ठेव.

तुझ्या तीनपैकी एकाच विमान कंपनीचं जे कार्ड आहे, ते मी तूर्त बाजूला काढलं आहे. उरलेल्या दोघांत निवड करायला मला तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात: कुठून कुठे आणि कुठल्या महिन्यात जायचं, तारखा मागेपुढे होऊ शकतात का, आणि गेल्या तीन महिन्यांच्या बिलांवरून किराणा, इंधन, बाहेरचं खाणं, ऑनलाइन खरेदी यांवर साधारण किती गेले. दोन्ही कार्डांच्या अटींचं बारीक अक्षरातलं पानही फोटो काढून पाठव. तोवर अर्जावर सही करू नकोस.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
श्रीपाद