फेऱ्या किती, हे आधी ठरवा

‘मार्सियानो की अली?’ या रविवार पुरवणीतील लेखात रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली या मुष्टियोद्ध्यांच्या काल्पनिक लढतीत, ४९ पैकी ४९ लढती जिंकल्याच्या जोरावर मार्सियानोला विजयी ठरवले आहे. हे पटले नाही. मार्सियानोने १९५२मध्ये जर्सी जो वॉलकॉटकडून हेवीवेट गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले, ते १३व्या फेरीत. तोवर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर तो मागे होता. पहिल्याच फेरीत तर खालीही पडला होता. मग उजव्या हाताचा एकच आखूड ठोसा, आणि वॉलकॉट दोरात हात अडकून गुडघ्यांवर कोसळला. काय ताकद असेल त्या ठोशात! पण ती लढत १५ फेऱ्यांची होती; आजच्यासारखी १२ फेऱ्यांची असती तर गुणांवर वॉलकॉटच विजेता राहिला असता. १९८२मध्ये १४व्या फेरीत कोसळलेल्या किम डूक-कू या मुष्टियोद्ध्याचा मृत्यू झाला, त्यानंतर विजेतेपदाच्या लढती हळूहळू १२ फेऱ्यांवर आल्या. दुसरीकडे, ६१ लढतींत अलीला वेळेआधी रोखता आले ते एकदाच, १९८०मध्ये लॅरी होम्सला, तेही अली ३८ वर्षांचा असताना. लेखकाने फेऱ्यांचा उल्लेखच केलेला नाही. १५ असतील तर मार्सियानोला संधी आहे, हे मी मान्य करतो. १२ असतील तर अलीच.

– एक मुष्टियुद्धप्रेमी वाचक, पंचवटी, नाशिक