सिस्टरच्या हाताला सराव हवा : धडगाव परिसरातील प्रसूती प्रशिक्षणासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

सातपुड्यातल्या पाड्यांवरून गरोदर बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, हे आपण वाचलं असेल. रस्ते होतील तेव्हा होतील. झोळी उपकेंद्राच्या दारात उतरल्यावर आतल्या सिस्टरच्या हाताला काय येतं, याची सोय मात्र आत्ताच करता येईल.

बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरपेक्षा जास्त रक्त गेलं की धोका. सरावात चादरीवर अर्धा लिटर लाल पाणी ओतून अंदाज विचारला, तर उत्तर जवळजवळ नेहमी कमीच येतं. मुरलेल्या सिस्टरही फसतात. म्हणजे खऱ्या बाळंतिणीच्या वेळी धावपळ उशिरा सुरू होणार. गर्भपिशवी चोळणं, ती आवळून येण्यासाठी ऑक्सिटोसिन, सलाईन, रक्त थांबवायला तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, तरीही थांबेना तर गर्भपिशवीत आतून दाब देणारा कंडोम आणि कॅथेटरचा फुगा, हे सगळं तोंडपाठ असतं. अडखळतात ते हात.

गरोदरपणात किंवा बाळंतपणात बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांचंही तेच. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेट दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम द्यायचं, म्हणजे एकेक ग्रॅमच्या दहा अँप्यूल फोडायच्या. रात्री, बहुधा एकटीनं, समोर बाईला झटके येत असताना. आधी कधी करून पाहिलेलं नसेल तर कुणाचेही हात कापतील.

तालुक्यातल्या आरोग्यसेविका आणि स्टाफ नर्स यांच्यासाठी पावसाळ्याआधी दोन-दोन दिवसांची शिबिरं घ्यायची आहेत. प्रसूतीचं मॉडेल, रक्त मोजण्याच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या चादरी, बीपीची चालू स्थितीतली यंत्रं, जेवण आणि जीपभाडं एवढं हवं. सर्वांत जड जातं ते जीपभाडं. मॉडेलवर देणगीदाराचं नाव घालता येतं, जीपच्या फेरीवर नाही, म्हणून त्यासाठी कुणी देत नाही! रक्कम कितीही छोटी असो, पावती मिळेल.

औषधं कृपया पाठवू नका. ती सरकारी पुरवठ्यातून येतात, आणि ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं; टपालानं आलेलं काय कामाचं?

पैशांइतकीच शिकवणारी माणसं हवीत. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, लेबर रूममध्ये वर्षं काढलेल्या निवृत्त परिचारिका. पावरी, म्हणजे इथली आदिवासी बोली, येत असेल तर फारच उत्तम. मानधन देता येणार नाही. मुक्काम-जेवण आमच्याकडे, आणि नंदुरबार स्टेशनवर घ्यायला गाडी येईल. कोणत्या तारखा जमतील, तेवढं संस्थेच्या धडगाव कार्यालयात आधी कळवा.