सोलर बसव, पण वायर तोडू नकोस

बार्शी

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

"छपरावर सोलर टाकतो आणि महावितरणची वायर तोडून मोकळा होतो" हे तुझं वाक्य वाचून हसू आलं, पण वैताग समजला. जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळूणात काढलेल्या अंधाऱ्या रात्री तू कसा विसरशील? तरी सांगतो, वायर राहू दे.

आमचं तीन किलोवॉटचं आहे, बॅटरीशिवाय. स्वच्छ उन्हात दिवसाला दहा-बारा युनिटं होतात. दिवसा घरात कोणी नसतं, त्यामुळे बरीचशी वीज नेट मीटरमधून (आलेली-गेलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर) बाहेर जाते. महावितरण ही आपली कणगी: दिवसा भरायची, रात्री काढायची. मात्र उरलेल्या युनिटांचा हिशोब ३१ मार्चला मिटतो, तोही आपण भरतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. म्हणून गरजेपेक्षा मोठं बसवण्यात अर्थ नाही. आणि बिल शून्य वगैरे होत नाही, स्थिर आकार येतोच.

आता तुझ्या कामाचं. लाइट गेली की आमचं सोलरही बंद पडतं, भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना! विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत. कारण मात्र चोख आहे. खांबावर वायरमन चढलेला असतो, लाइन बंद आहे या भरवशावर. त्याच वेळी आपल्या छपरावरून तारेत वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून बाहेरची वीज गेली की सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारं यंत्र, स्वतःच थांबतो. तुला अंधाराचीच धास्ती असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि बाहेरची वीज तिन्ही सांभाळणारा) आणि लिथियमची छोटी बॅटरी घे. तिच्यावर दिवे, पंखे, फ्रिज एवढंच ठेव. पंप आणि गिझर नको. सगळं घर बॅटरीवर चालवायचं म्हणशील तर तुमच्याकडे आषाढ-श्रावणात सूर्य दिवसेंदिवस तोंड दाखवत नाही. तेवढे दिवस पुरेल अशी बॅटरी पॅनेलांपेक्षा महाग पडेल.

पैशाचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या २०२४च्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये सबसिडी आहे. पॅनेल भारतीय बनावटीची लागतात. तुमचं बिल महिन्याला शंभर युनिटांच्या आत असेल तर घाई करू नकोस. खरी बचत बिलातल्या वरच्या दरटप्प्याची महागडी युनिटं वाचतात तेव्हाच होते.

एक गंमत सांगतो. मला वाटायचं, आमच्या सोलापूरकडच्या मे महिन्यात वीज नुसती धो धो होईल. पण पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, आणि तापलं की ते आळसावतं. त्यामुळे थंड हवेचं लख्ख ऊन जास्त मानवतं.

तुझ्या घराची अडचण उन्हापेक्षा सावलीची आहे. कौलांवर काही ठेवू नकोस, मागच्या स्लॅबवर बसव, तोंड दक्षिणेला. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. एकावर माडाची सावली पडली तरी बाकीची ढेपाळू शकतात. डिसेंबरात सावल्या सर्वांत लांब असतात. तेव्हा सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला स्लॅबचे फोटो काढून मला पाठव. विक्रेत्याला त्यानंतरच बोलाव. विहिरीजवळचा माड आड आला तर कुऱ्हाड उचलण्याआधी काकूंना विचार, नाहीतर सोलरसकट तुलाच घराबाहेर काढतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश